रिकाम्या नंबराच्या मागे

१

शनिवारी दुपारचं जेवण झालं की कुवेतमधल्या आमच्या मंगफ वस्तीतले बाकीचे नवरे आडवे होतात. मी लॅपटॉप उघडतो आणि नॉर्वेतल्या जंगलात कुठली मुलगी स्कीवरून किती वेगानं पळाली ते बघत बसतो. माझ्या बायकोच्या, लीनाच्या मते हे वेडाचं लक्षण आहे. "खिडकीबाहेर वाळू, आणि हा बर्फाचे हिशेब करतोय," असं ती आल्यागेल्याला सांगते आणि आलेगेले हसतात. हसू देत. माझे अंदाज बरोबर येतात.

मी चंद्रहास, मूळचा नाशिकचा, इथल्या एका तेल कंपनीत इंजिनियर. कुठला पंप कधी बिघडणार हे तो बिघडायच्या आधी सांगणं, हे माझं काम. पंपांची थरथर, तापमान, दाब असे सगळे आकडे माझ्याकडे येतात. मी सांगतो, हा उन्हाळा काढेल, तो पुढच्या आठवड्यात बसेल. मी सहसा चुकत नाही आणि हे सांगताना उगाच लाजतही नाही.

कुवेतच्या आधी आम्ही काही वर्षं नॉर्वेत होतो. आमची ज्ञानदा तिथंच स्की शिकली, आपल्याकडची पोरं सायकल शिकतात तशी. इकडे आल्यावर ती बर्फासाठी अशी झुरली की शाळा संपताच तिकडच्या कॉलेजात गेली आणि तिथल्या संघात शिरली. एकुलती एक पोर. तिच्या मागे धावणं मला जमणार नव्हतं, आकडे काढणं जमत होतं. तेच मी करत होतो.

ही शर्यत म्हणजे डोंगरावरून खाली घसरणं नव्हे. दोन्ही हातांत काठ्या घेऊन जंगलातल्या वाटेनं चढ, उतार, सपाटी, सगळं स्वतःच्या दमावर कापायचं. सगळ्या मुली एकदम सुटत नाहीत. छातीवर नंबर लावून अर्ध्या अर्ध्या मिनिटानं एकेक सुटते आणि जिला सगळ्यांत कमी वेळ लागतो ती जिंकते. म्हणजे प्रत्येकजण एकटीच पळते. पण पुढचीची पाठ दिसली की पाय आपोआप उचलतात. किती उचलतात ते मी काढलं होतं आणि त्याला 'पाठीचा फायदा' असं नाव दिलं होतं. ज्ञानदाच्या कोचबाईंनी तो आकडा बघून मला शाबासकीची मेल पाठवली. ती मी लीनाला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा ती भांडी घासत होती.

२

कधी कधी एखादी मुलगी ऐनवेळी सुटत नाही. ताप येतो, पाय मुरगळतो. तिचा नंबर तसाच राहतो, तिची वेळ येते, कुणी निघत नाही, आणि मग मागचीची वेळ येते. निकालात तिच्या नावापुढे 'सुटली नाही' एवढंच लिहितात. अशी ओळ मी गाळून टाकायचो. पंपांच्या कामात हीच रीत आहे. बंद पंपाची ओळ आधी काढायची, नाहीतर सरासरी बिघडते.

जानेवारीत मी मागच्या सगळ्या शर्यती एकत्र तपासायला घेतल्या. रिकाम्या नंबराच्या मागून सुटणाऱ्या मुलीला पुढे कुणाचीच पाठ दिसत नाही, म्हणजे तिचा फायदा शून्य यायला हवा. तसा आला असता तर माझं गणित पक्कं झालं असतं. पण आला तो सगळ्यांत मोठा. आणि आला तो फक्त जंगलात. सुरुवातीच्या मैदानात, जिथं माणसं टाळ्या वाजवत उभी असतात, तिथं काही नाही. झाडं सुरू झाली की त्या मुलीचा वेग वाढायचा आणि झाडं संपली की पुन्हा पहिल्यासारखा व्हायचा.

माझ्याकडून काही राहिलं असेल म्हणून मी एका मुलीच्या वेगाचा आलेख ऑफिसात फरहीनला दाखवला. फरहीन हैदराबादची, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि आकड्यांत माझ्याइतकीच पक्की आहे. आलेख कशाचा आहे ते मी मुद्दाम सांगितलं नाही.

"ये पंप नक्को बोलो मेरे को," ती म्हणाली. "ये तो कोई किसी के पीछे चल रहा है."

"आगे कोई नहीं है, फरहीन."

"कैसे नहीं? देखो ना, हर मोड़ पे क्या हो रहा है. आगेवाला इसके लिए रुकता है, ये पहुँचता है, फिर दोनों चलते हैं." तिनं कागद माझ्याकडे सरकवला आणि चहा घेतला. "कौन है, पता करो."

मी हसलो. बंद पंपही कधी कधी फिरतो. झडप गळकी असली की शेजारच्या पंपाचं तेल उलटं येतं आणि मोटर बंद असताना पाती फिरत राहतात. नवीन आलेला पोरगा घाबरतो, आम्ही झडप बदलतो. इथंही अशीच कुठली तरी झडप गळत असणार. बर्फात पडलेले चर असतील, वारा असेल. खरं सांगायचं तर मला कारणाशी घेणंदेणं नव्हतं. फायदा होता ना, मग तो वापरायचा.

३

संधी लगेच आली. पुढच्याच शर्यतीत ज्ञानदाच्या आधी सुटणारी मुलगी आजारी पडली. मी शर्यतीच्या आधी फोन लावला.

"आय नो, बाबा," ज्ञानदा म्हणाली. "मी एकटीच असणार. आय हेट दॅट."

"एकटी कशाला? पुढं कुणीतरी आहे असंच समज. जंगलात शिरलीस की तिची पाठ डोळ्यांपुढे आण आणि सोडू नकोस."

"हे तुझं मॅथ्स आहे का?"

"माझं मॅथ्स कधी चुकलंय का?"

"कधीच नाही," ती हसत म्हणाली.

त्या दिवशी ज्ञानदा तिच्या आयुष्यातली सगळ्यांत वेगवान शर्यत पळाली. लीनानं शिरा केला. मी फरहीनला पेढ्यांचं चित्र पाठवलं. संध्याकाळी व्हिडिओवर लेक दिसली, लालबुंद चेहऱ्याची, केस कपाळाला चिकटलेले. मागे तिची खोलीतली मैत्रीण टुवा पलंगावर बसून मोजे काढत होती. टुवा मागच्या नाताळात आमच्याकडे मंगफला राहून गेली होती. लीनाची थालीपीठं तिनं अशी खाल्ली होती की लीना अजून तिचं नाव काढते. टुवानं हात हलवून "नमस्ते, आई" म्हटलं.

"बाबा, समजायची गरजच पडली नाही," ज्ञानदा म्हणाली. "शी वॉज देअर."

"कोण?"

"पुढची. नंबर नव्हता तिला. चढावर थांबायची माझ्यासाठी. सारखी मागे बघायची, मी येतेय की नाही ते."

"चेहरा पाहिलास?"

"मान वळताना दिसायची. पण वळून झाल्यावर... आठवत नाही रे. फनी ना?"

"दमल्यावर दिसतं असं काहीबाही," लीना माझ्या खांद्यावरून म्हणाली. "दूध पी आणि झोप."

४

त्या आठवड्यात मी एक गोष्ट केली, जी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. गाळलेल्या ओळी परत आणल्या.

रिकाम्या नंबराच्या मागून जोरात पळालेली प्रत्येक मुलगी पुढच्या शर्यतीत 'सुटली नाही' म्हणून नोंदली गेली होती. एकही सुटली नव्हती. आणि तिच्या मागून सुटलेली मुलगी जंगलात जोरात पळाली होती. मग पुढच्या वेळी तीही सुटली नव्हती. एकीमागे एक अशी ती साखळी होती, आणि मी दरवेळी नेमकी तिची कडी उचलून बाजूला टाकत होतो.

जीव तोडून पळाली की मुलगी आजारी पडणारच, असं मी स्वतःला बजावलं. मग त्यांतल्या एकीचं नाव शोधलं. तिकडच्या एका छोट्या गावच्या वर्तमानपत्रात बातमी होती. मुलगी वसतिगृहाच्या खोलीत दुपारी झोपली ती उठली नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या वेळी तिकडे शर्यत चालू होती आणि यादीत तिचा नंबर होता. मी दुसरीचं नाव शोधलं नाही.

ज्ञानदाची पुढची शर्यत शनिवारी होती.

मी घाबरलो, हे कबूल आहे. पण माझं डोकं चालत होतं. खेळ सगळा रिकाम्या नंबराचा होता. यादीत नावच नसेल तर रिकामा नंबर कुठून येणार? पंप लाइनमधूनच काढून घेतला की मग तो फिरतही नाही आणि बिघडतही नाही. मी कोचबाईंना मेल केली की घरच्या कारणामुळे ज्ञानदाचं नाव यादीत घालू नका. लेकीला फोन करून सांगितलं की आई जिन्यावरून पडलीय, पाय मोडलाय, मिळेल ते विमान पकड.

विमानतळावर लीना तिला घ्यायला तुरुतुरु चालत पुढे गेली.

"आई! तुझा पाय?"

"बापाला विचार तुझ्या," लीना म्हणाली. घरी येईपर्यंत गाडीत माझ्याशी कुणीही बोललं नाही. आरशात मागच्या सीटवरची लेक दिसत होती, आणि मला ते पुरेसं होतं.

५

शनिवारी लीनानं झुबेदी तळली. झुबेदी म्हणजे इथलं पापलेट. ज्ञानदानं राग विसरून पोटभर भात खाल्ला आणि जांभया देत तिच्या खोलीत झोपायला गेली. दूध संपलं होतं म्हणून लीना खाली बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेली. हिवाळ्यात आमच्याकडे एसी बंद असतो. त्यामुळे एरवी न ऐकू येणारे इमारतीतले आवाज ऐकू येतात. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं. मी निवांत होतो. नुसती खात्री करावी म्हणून लॅपटॉप उघडला.

यादीत तिचं नाव होतं.

कोचबाईंची मेलही आलेली होती. आईची तब्येत सुधारली आणि ज्ञानदा परतली तर असावा म्हणून तिचा नंबर त्यांनी ठेवून दिला होता. भल्या बाई. ज्ञानदाच्या लगेच मागे टुवा होती.

मी स्वतःला सांगितलं, नाव असलं म्हणून काय झालं? पोरगी भिंतीपलीकडे झोपली आहे. आकडे म्हणजे आकडे असतात. ते कुणाला उठवत नाहीत आणि झोपवतही नाहीत. ज्ञानदाची वेळ आली आणि गेली. तिच्या नावापुढे 'सुटली नाही' उमटलं. मग टुवा सुटली. मैदानाच्या शेवटी वाटेवर वेळ नोंदणारी पट्टी असते, तिथं टुवाचा वेळ नेहमीसारखाच आला. मी मागे टेकून बसलो.

पुढची पट्टी जंगलात होती. टुवा तिथं पोचली तेव्हा मी आकडा बघितला, आणि माझ्या गणितात तो कुठं बसतो हे मला कागद न घेता कळलं. नेमका त्याच वेळी ज्ञानदाच्या खोलीतून श्वासाचा आवाज आला. झोपेतला श्वास असा नसतो. चढावर असतो तसा तो होता, दोन लहान, एक लांब.

६

तिच्या खोलीत पडदे ओढलेले होते. ती कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पांघरूण पायाशी गेलं होतं. पाय हलत नव्हते, पण पोटऱ्या ताठ व्हायच्या आणि सैल पडायच्या, आळीपाळीनं. खोलीत ओल्या लाकडाचा वास येत होता. मंगफमध्ये असा वास कुठून येणार?

"ज्ञानदा," मी म्हटलं.

तिची मान वळायला लागली. शरीर तसंच भिंतीकडे, फक्त मान हळूहळू खांद्यावरून मागे येत होती. डोळे मिटलेले होते. मला वाटलं ती माझ्याकडे बघतेय. पण तिचं तोंड माझ्या रोखानं नव्हतं. ते माझ्या बाजूनं, माझ्या पाठीमागच्या दाराकडे होतं. चेहरा पुरता वळायच्या आत मी नजर खाली घेतली. का, ते मला सांगता येणार नाही. जन्मल्या दिवसापासून पाहिलेला चेहरा, आणि मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

तेव्हा बाहेरच्या पॅसेजमध्ये आवाज झाला. फरशीवर टोकदार काहीतरी टेकल्याचा. दोन टक्, मग काहीतरी लांब घसरत यावं तसा आवाज. पुन्हा दोन टक्. घाई नव्हती त्यात, मोठ्या जोमानं आणि एका लयीत ते येत होतं. ज्ञानदा थांबली होती ना तिच्यासाठी.

मी मागे वळलो नाही. मला कळलं होतं की ती टुवा आहे. आमच्या घरी दोन हातांनी थालीपीठ मोडून खाल्लेली, "नमस्ते, आई" म्हणणारी टुवा. आणि मला हेही कळलं होतं की मी आत्ता ज्ञानदाला उठवलं तर जंगलाच्या मधोमध टुवाच्या पुढे कुणीच राहणार नाही. पुढचा पंप एकदम बंद केला की मागच्याचं काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. टुवा आपली आपण शर्यत संपवेपर्यंत मी थांबलो असतो तर कदाचित ती घरी गेली असती. आणि माझी लेक? तिचा श्वास आता फार लांब लांब येत होता.

मी तिला दोन्ही खांद्यांना धरून उचललं आणि गदागदा हलवलं. "ऊठ! ज्ञानदा, ऊठ! ऊठ!"

पॅसेजमधला आवाज दारापाशी आला होता. तो तिथंच थांबला. काठी अर्ध्यात उचलून धरावी, तसा.

"बाबा? काय झालं?" ज्ञानदानं डोळे उघडले होते. तेच डोळे, तोच चेहरा, गालावर उशीची घडी उमटलेली. मी तिला छातीशी धरलं आणि ओक्साबोक्शी रडलो. इतका मी माझे वडील गेले तेव्हाही रडलो नव्हतो. तिला काही कळेना. ती माझ्या पाठीवर थोपटत राहिली. मग मला वाटलं ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघतेय.

"कोण होतं?" तिनं विचारलं.

"आई असेल," मी म्हटलं. बाहेरच्या दाराला किल्ली लागल्याचा आवाज मात्र नंतर आला.

७

लीना दूध घेऊन आली, चहा ठेवला. ज्ञानदा कपाळ दाबत स्वयंपाकघरात गेली आणि दोघी माझ्याबद्दल हलक्या आवाजात बोलायला लागल्या. "वय झालंय त्याचं," असं लीना म्हणाल्याचं मी ऐकलं. मी टेबलाशी येऊन बसलो.

टुवाच्या मागून सुटलेली मुलगी पोचली होती. तिच्या मागचीही पोचली. मग एकेक करत सगळ्या पोचल्या. टुवाच्या ओळीत जंगलातल्या पट्टीनंतर काहीही नव्हतं. मी पान पुन्हा उघडलं, पुन्हा पुन्हा उघडलं. थोड्या वेळानं निकालाच्या जागी दोन ओळींची सूचना आली. पुढच्या सगळ्या शर्यती थांबवल्या होत्या आणि वाटेवर कुणी एकट्यानं जाऊ नये असं त्यात म्हटलं होतं. मला नॉर्वेजियन चांगलं येतं. समजायला चूक झाली असं म्हणायची सोय नव्हती.

मी लॅपटॉप मिटला. त्या वेळी कुणी मला विचारलं असतं की उठवणार का लेकीला, तर मी पुन्हा उठवलं असतं. आजही उठवेन. टुवाचे आईवडील समोर उभे असते तरी उठवलं असतं.

ज्ञानदा कप घेऊन माझ्याजवळ आली. "बाबा, टुवा कितवी आली रे?"

"पहिली," मी म्हणालो.

"खरं?"

"मग काय. सगळ्यांना मागे टाकलं तिनं."

ज्ञानदा ओरडलीच. चहा सांडला, लीनानं आतून काय झालं म्हणून विचारलं, आणि ज्ञानदानं ती बातमी माझ्यापेक्षाही खात्रीनं तिला सांगितली. मग तिनं फोन उचलून टुवाचा नंबर लावला आणि तो कानाशी धरून खिडकीपाशी उभी राहिली. रिंग वाजत असल्याचं मला टेबलाशी ऐकू येत होतं. ती बराच वेळ वाजली.

"उचलत नाहीये," ती हसत म्हणाली. "सगळ्यांनी उचलून घेतलं असेल तिला."

मी हो म्हणालो आणि तिच्यासाठी दुसरा चहा ओतायला उठलो.